स्थलांतरितांचीं स्वभाषी वृत्तपत्रें व पौड मावळ

जुने कागद शोधीत मावळांत हिंडणाऱ्या संग्राहकांचा एक अनुभव सारखाच असतो. देशमुखाच्या किंवा कुलकर्ण्याच्या घरीं माळ्यावरून रुमाल खालीं येतो, गांठ सुटते, सनदा, महजर, करीने, वतनाच्या यादी एकेक करून बाजूस काढल्या जातात. आणि ज्या छापील पानांत ते कागद गुंडाळलेले असतात तीं वर्तमानपत्राचीं पिवळीं पानें चुरगाळून ओसरीच्या कोपऱ्यांत टाकलीं जातात. मोडी कागद म्हणजे इतिहास आणि छापील कागद म्हणजे रद्दी, असा हा अलिखित नियम आहे. प्रस्तुत लेखकानेंहि तो पुष्कळ वर्षें पाळला. आज तो चुकीचा वाटतो, निदान एका जातीच्या वर्तमानपत्रांपुरता तरी. आणि तो कां चुकीचा वाटतो हें सांगण्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

हीं वर्तमानपत्रें म्हणजे पोटासाठीं परगांवीं जाऊन राहिलेल्या लोकांनीं तेथें आपल्या भाषेंत चालविलेलीं पत्रें. अशा पत्राला दोन घरें असतात. तें छापलें जातें शहरांत, वाचलें जातें शहराच्या गाळ्यांत, पण त्याचा अर्धा जीव गांवीं असतो. गांवची बातमी शहरांत पोंचविणें आणि शहरची बातमी गांवीं पोंचविणें, हें दुहेरी काम तें करतें. म्हणून त्याचें दप्तर शोधावयाचें तर केवळ शहरांतील ग्रंथालयें पाहून भागत नाहीं; ज्या गांवांतून माणसें गेलीं तीं गांवें पाहावीं लागतात. पौड व त्याच्या आसपासचें खोरें हें अशा गांवांपैकीं आहे, असें आमचें म्हणणें आहे.

पौड पुण्याच्या पश्चिमेस सुमारें दहा कोसांवर, मुळेच्या खोऱ्यांत वसलें आहे. शिवकालीन बारा मावळांतील पौड खोरें व तेथील ढमाले देशमुख वाचकांस परिचित आहेतच. इंग्रजी अमलांत मुळशी पेट्याची कचेरी येथें होती, व आज मुळशी तालुक्याचें मुख्य ठिकाण हेंच आहे. पाऊस अतोनात, भात हेंच मुख्य पीक, उतारावर नाचणी आणि वरी. आंबेमोहर तांदुळाचें नांव मोठें असलें तरी तो पिकविणाऱ्याच्या घरीं तो वर्षभर पुरत नसे. सुगी संपली कीं हातांस काम नाहीं. ही गोष्ट नवी नव्हे. पूर्वीं हा रिकामा हात गडाच्या शिबंदींत आणि फौजेंत जाई; दसऱ्यास बाहेर पडावें आणि पावसाळ्याच्या तोंडीं परतावें, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालला. इ. स. १८१८ नंतर तो दरवाजा बंद झाला. दुसरा उघडण्यास जवळजवळ चाळीस वर्षें लागलीं. कावसजी नानाभाई दावर यांची कापसाची गिरणी मुंबईंत १८५६ सालीं चालू झाली, बोरघाटांतून आगगाडीचा रस्ता १८६३ सालीं पुरा झाला, आणि मावळा पुनः मोहिमेवर निघाला. या वेळीं मात्र त्याच्या खांद्यावर ढाल नसून घोंगडी आणि शिदोरी होती.

मुंबईच्या गिरण्यांत सर्वांत मोठा भरणा रत्नागिरीकडील कोंकण्यांचा, हें खरें. घाटावरून उतरलेल्या पुणें, सातारा, नगरकडील लोकांस तेथें ‘घाटी’ हें नांव पडलें, आणि तें गौरवाचें नव्हतें. गोदी, गिरणी, हमाली, आणि १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केलेला जेवणाचे डबे पोंचविण्याचा धंदा, अशा कामांत हे लोक शिरले. डबेवाल्यांच्या धंद्यांत तर मुळशी, मावळ, खेड, आंबेगांव, जुन्नर याच तालुक्यांचें आजहि प्राबल्य आहे. एका गांवचीं माणसें एका गाळ्यांत राहत, एका खाणावळींत जेवत, एका मुकादमाच्या ओळखीनें कामास लागत. गांव उठून मुंबईंत आलें होतें. फक्त त्याला चावडी नव्हती.

ती चावडी वर्तमानपत्रानें पुरविली. मराठी पत्रें मुंबईंत नवीं नव्हतीं. बाळशास्त्री जांभेकरांचें ‘दर्पण’ १८३२ सालींच निघालें होतें. परंतु तें इंग्रजी शिकलेल्या व शिकूं पाहणाऱ्या वर्गासाठीं होतें. व्यापाराचा वृत्तान्त गुजराथींत येई. ‘मुंबई समाचार’ तर १८२२ पासूनचें. गिरणीच्या धन्यांचा व्यवहार इंग्रजी-गुजराथींत चाले. चात्यांवर आणि मागांवर उभ्या असलेल्या माणसाची भाषा मराठी, पण त्या भाषेंत त्याच्याशीं बोलणारें पत्र नव्हतें. कृष्णराव पांडुरंग भालेकर यांनीं ‘दीनबंधु’ काढलें तें १८७७ च्या आरंभीं, पुण्यास. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं स्थापिलेल्या सत्यशोधक समाजाचें तें पत्र. पुण्यांत तें तगलें नाहीं. पैसा नव्हता, वर्गणीदार थोडे आणि विखुरलेले, व ज्यांच्यासाठीं तें होतें त्या शेतकऱ्यास वाचतां येत नव्हतें. १८८० सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं तें मुंबईस नेलें आणि तेथें तें जगलें.

हा स्थलबदल आमच्या मतें फार अर्थपूर्ण आहे. पत्र तेंच, मतें तींच, भाषा तीच. पुण्यांत जें चाललें नाहीं तें मुंबईंत कां चालावें? लोखंडे यांची चिकाटी हें एक कारण खरेंच. त्यांचें घराणें मूळ पुणें जिल्ह्याचें, जन्म १८४८ चा. नोकरीच्या निमित्तानें गिरणीचा कारभार त्यांनीं आंतून पाहिला होता. पण दुसरें कारण अधिक खोल आहे. गांवीं असलेल्या कुणब्यास पत्राची गरज नव्हती. त्याला जें कळावयाचें तें पारावर कळे. तोच कुणबी परळास गेला कीं पार सुटला. पगार केव्हां होणार, कोणत्या गिरणींत काम बंद आहे, गांवीं पाऊस पडला कीं नाहीं, हें सांगणारा कोणी उरला नाहीं. अमेरिकेंत रॉबर्ट पार्क यांनीं १९२२ सालीं परदेशांतून आलेल्या लोकांच्या वृत्तपत्रांवर ग्रंथ लिहिला, त्यांतहि हेंच निरीक्षण आहे: जो खेडूत मायदेशीं कधीं वर्तमानपत्र हातांत धरीत नव्हता तोच न्यूयॉर्कला येऊन वाचक झाला. न्यूयॉर्कच्या यहुदी मजुरांसाठीं १८९७ पासून निघणाऱ्या यिद्दिश ‘फॉरवर्ड’ पत्रांत १९०६ सालीं वाचकांच्या पत्रांचें स्वतंत्र सदर सुरू झालें, तें त्या पत्राचें सर्वांत लोकप्रिय सदर ठरलें. परळ आणि न्यूयॉर्क यांत समुद्र असला तरी गरज एकच होती.

वाचक म्हटलें म्हणजे प्रत्येकानें अंक विकत घेतला असें समजूं नये. एक वाची आणि दहा ऐकत. अंकांच्या खपाच्या आंकड्यांवरून अशा पत्राचा प्रभाव मोजणारे येथेंच फसतात. किती लोक ऐकत होते याचें एक अप्रत्यक्ष प्रमाण मात्र आहे. १८८४ च्या सप्टेंबरांत लोखंडे यांनीं गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्यास एक सुटी, दुपारीं अर्धा तास विश्रांति, काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरें होईपर्यंत पगार, अशा मागण्यांचा अर्ज तयार झाला. त्यावर पांच हजारांहून अधिक सह्या झाल्या आणि तो कारखान्यांच्या चौकशीसाठीं नेमलेल्या कमिशनपुढें गेला. १८९० च्या एप्रिलांत दहा हजार कामगार एकत्र जमले, व त्याच वर्षीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. ज्यांपैकीं बहुतेकांस स्वतःचें नांव लिहितां येत नव्हतें अशा हजारों माणसांस एका अर्जाखालीं आणावयाचें, तर महिनोन् महिने कोणी तरी त्यांच्याशीं त्यांच्या भाषेंत बोलत असलें पाहिजे. तें बोलणें पत्रांतून चाललें होतें.

येथें एका सोयीस्कर समजुतीस धक्का देणें भाग आहे. असलीं पत्रें म्हणजे एका भाषेच्या लोकांनीं आपापसांत केलेला व्यवहार, असें मानण्याकडे आपला कल असतो. परंतु सत्यशोधक समाजाच्या मुंबईंतील कार्यास ज्यांचें द्रव्यबळ मिळालें त्यांत व्यंकू बाळोजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांसारखे तेलुगु भाषिक गुत्तेदार पुढें होते. तेहि परगांवाहून आलेलेच. त्यांची घरची भाषा तेलुगु, पण ज्या समाजांत ते मिसळले त्याची सार्वजनिक भाषा मराठी. मुंबईंत मराठी ही केवळ मावळ्याची मातृभाषा राहिली नाहीं. ती श्रमणाऱ्या माणसाची भाषा झाली. स्वभाषी पत्र आपल्या लोकांस एकत्र बांधतें हें खरें, पण दुसऱ्या भाषेच्या शेजाऱ्यासहि तें त्याच ओसरीवर घेऊं शकतें, ही गोष्ट ‘दीनबंधु’च्या इतिहासांत नजरेआड होऊं नये.

लोखंडे १८९७ सालीं प्लेगांत वारले. तोच प्लेग मुंबईस रिकामी करीत होता. लाखों माणसें बोचकीं बांधून घाट चढून व कोंकणांत उतरून गांवीं परतलीं. पत्र पुढें वासुदेवराव बिर्जे यांनीं चालविलें, व त्यांच्या मागें त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनीं संपादकत्व सांभाळलें. देशी भाषेंतील वृत्तपत्राच्या आद्य स्त्री-संपादकांत त्यांची गणना होते. त्यानंतरचा पसारा मोठा आहे. शिवराम जानबा कांबळे यांचें ‘सोमवंशीय मित्र’ पुण्यास १९०८ सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें ‘मूकनायक’ मुंबईस ३१ जानेवारी १९२० रोजीं. यांच्याहि वाचकांत गांव सोडून गिरणी, गोदी, रेल्वे, पलटण यांत आलेलीं माणसें होतीं. पण त्या पत्रांचा विचार स्वतंत्रपणें व्हावयास पाहिजे. येथें आपण मूळ मुद्द्याकडे वळूं.

तो मुद्दा साधनांचा. ‘दीनबंधु’चे आरंभींच्या काळाचे अंक अत्यंत दुर्मिळ आहेत. त्या पत्राविषयीं जें लिहिलें गेलें त्यांतील पुष्कळ भाग मुंबई सरकारच्या साप्ताहिक गोषवाऱ्यांवर उभा आहे. सरकारचें भाषांतर खातें प्रत्येक आठवड्यास इलाख्यांतील देशी पत्रें वाचून त्यांतील मजकुराचा इंग्रजी सारांश गुप्तपणें अधिकाऱ्यांपुढें ठेवीत असे. हे गोषवारे नसते तर आपण पुष्कळ अंधारांत राहिलों असतों, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु ते कोणी व कशासाठीं केले? सरकारास हवें होतें तें एवढेंच कीं, पत्रकार सरकारविषयीं काय म्हणतो. म्हणून अग्रलेखाचा सारांश आला, अधिकाऱ्यावरची टीका आली, कायद्याविषयींचें मत आलें. कोण्या गांवच्या कुलकर्ण्याविरुद्ध आलेलें पत्र क्वचित् आलें. वर्गणी पोंचल्याच्या यादी आल्या नाहींत, जाहिराती आल्या नाहींत, कोणत्या खेड्यांत सत्यशोधक विवाह लागला व त्यास मुंबईहून कोण आलें, हें आलें नाहीं. म्हणजे पत्राचें शहरी व राजकीय अंग टिकलें, आणि गांवचें अंग गेलें. जो भाग मावळच्या इतिहासास उपयोगी तोच नेमका गाळला गेला. एखाद्या घराण्याच्या दप्तरांतून केवळ खलिते ठेवून घरखर्चाच्या वह्या जाळाव्या, तसा हा प्रकार झाला.

या बाबतींत ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची हकीकत मोडी व छापील यांचा संबंध दाखविणारी आहे. जोतीरावांनीं तो १८८३ सालीं लिहून पुरा केला. त्यांतील आरंभींचीं प्रकरणें ‘दीनबंधु’नें छापलीं आणि पुढील छापण्याचें थांबविलें; जोतीरावांनीं याबद्दल संपादकाच्या भित्रेपणावर कठोर शब्दांत लिहिलें. त्यांच्या हयातींत ग्रंथ समग्र छापून निघाला नाहीं. तो हस्तलिखितामुळें राहिला. येथें हस्तलिखितानें छापखान्यास हात दिला. उलट हात देण्याचा प्रसंग आज छापील पानावर आहे, कारण ज्या बातमीची हस्तलिखित नोंद कोणीं ठेवलीच नाहीं ती त्या पानाखेरीज दुसरीकडे नाहीं.

हें सर्व एकट्या मराठीपुरतें नाहीं, हें पाहण्यास पौडाहून फार दूर जावें लागत नाहीं. पुण्याच्या पूर्वभागांत क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च म्हणून ओळखलें जाणारें देऊळ आहे. त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांनीं १७९२ सालीं दिली, ती पेशव्यांच्या चाकरींतील गोव्याकडील ख्रिस्ती शिपायांसाठीं. म्हणजे मावळा आणि गोंवेकर हे एका फौजेचे चाकर. १८१८ नंतर दोघांचीहि चाकरी गेली आणि दोघेहि नव्या शहरांत नव्या धंद्यांस लागले. गोंवेकर छावणींत आचारी, शिंपी, वाजंत्री झाला. मुंबईस त्यांच्या ‘कुडी’ असत, म्हणजे एकेका गांवच्या माणसांनीं मिळून घेतलेल्या बिऱ्हाडाच्या जागा. आमच्या गाळ्यांचेंच तें दुसरें रूप. या पुण्याच्या वस्तींतून एदुआर्द जुझे ब्रुनो द सौझ यांनीं १८८९ च्या फेब्रुवारींत ‘उदेंतेचें साळक’, म्हणजे पूर्वेचें कमळ, हें रोमी लिपींतील कोंकणी नियतकालिक काढलें. कोंकणी भाषेंतील हें पहिलें नियतकालिक. तें १८९४ पर्यंत चाललें.

भारतांतील पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यांत आला; तेथें १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें कोंकणीच्या वापराविरुद्ध फर्मान काढलें; १८२१ सालीं तेथें पहिलें वर्तमानपत्र निघालें तें पोर्तुगीज भाषेंत. आणि कोंकणीचें पहिलें नियतकालिक निघालें तें गोव्याबाहेर, पुण्यांत, स्थलांतरितांच्या हातून! घरीं ज्या भाषेस प्रतिष्ठा नव्हती तिला परगांवीं ती मिळाली. कारण घरीं वरिष्ठांची भाषा समोर उभी असते. परगांवीं सगळेच गरीब, आणि घरची भाषा हीच एक मालमत्ता बरोबर आणलेली असते. याच संपादकाची ‘क्रिस्तांव घराबो’ ही कादंबरी १९११ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तीहि कोंकणींतली पहिली समजली जाते. पुढें १९१५ सालीं ‘दर म्हयन्याची रोटी’ हें कोंकणी मासिक निघालें तें तर कराचीस, आणि नंतर गोव्यास आलें. पत्र परदेशीं जन्मून मागाहून मायदेशीं जातें, असा हा उलटा प्रवास आहे.

बडोद्यास दामोदर सांवळाराम यंदे यांचें ‘श्रीसयाजीविजय’ व भगवंतराव पाळेकर यांची ‘जागृति’, हैदराबादेस १९२० पासून ‘निजामविजय’, हीं मराठी पत्रें परभाषी मुलुखांत चाललीं. तेथें दरबाराचा आश्रय किंवा दरबाराची भीति हा निराळाच घटक आहे, म्हणून त्यांचा नुसता उल्लेख करून थांबतों. टोरांटो येथें गेल्या शतकाच्या आठव्या दशकांत सुरू झालेलें ‘एकता’ हें त्रैमासिक त्याच वंशांतलें. त्याचे अंक कोणी आजच नीट बांधून ठेवील तर पुढील शतकांतील संशोधक त्याचे आभार मानतील.

आतां पुनः मुळशीकडे. मावळांतून माणसें मुंबईच्या गिरण्यांत गेलीं, हें वर सांगितलें. पुढें गिरण्यांस माणसांप्रमाणें वीजहि लागूं लागली, आणि तीहि मावळांतूनच घेण्याचें ठरलें. नीला व मुळा यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीचें धरण बांधण्याचें काम निघालें. पन्नासाच्या आसपास गांवांवर आणि सुमारें अकरा हजार माणसांवर गदा आली. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं दिली ती याच लढ्यांत. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीनें झटले. बापट हे स्वतः पूर्वीं ‘मराठा’ पत्रांत काम केलेले, आणि वर्तमानपत्राचें बळ जाणणारे. लढा अपयशी झाला. १९२७ सालीं धरण पुरें झालें.

मावळच्या एकाच घरांतला मुलगा मुंबईस गिरणींत आणि बाप मुळशीस धरणाखालीं जाणाऱ्या शेतांत, अशी स्थिति त्या सहा वर्षांत होती. गिरणी चालविणारी वीज ज्या पाण्यांतून निघावयाची त्या पाण्याखालीं त्या गिरणींत राबणाऱ्याचें घर जावयाचें होतें. ही बातमी मुलास कोणीं सांगितली? पोस्टाची मनीऑर्डर १८८० पासून होती, तिच्या कुपनावर दोन ओळी मावत. बाकी सर्व परतणाऱ्या गांवकऱ्याच्या तोंडून आणि वर्तमानपत्रांतून. त्या काळच्या पुण्या-मुंबईच्या पत्रांतील मुळशीचा मजकूर पुढाऱ्यांच्या चरित्रासाठीं पुष्कळांनीं चाळला आहे. तो मुंबईच्या गाळ्यांत बसून ऐकणाऱ्याच्या कानानें वाचण्याचें काम व्हावयाचें आहे.

धरणाच्या पाण्याबरोबर वाडे गेले, देवळें गेलीं, आणि जीं दप्तरें वेळेवर उचललीं गेलीं नाहींत तींहि गेलीं. पौड पाण्याच्या खालच्या अंगास असल्यामुळें राहिलें. उठलेल्या गांवांचीं माणसें ज्या ज्या वाटेनें पांगलीं त्यांपैकीं एक वाट पौडावरूनच पुण्याकडे जाते. त्या वाटेवरील घरांत असे रुमाल अजून निघण्याचा संभव आहे.

ज्यांस हे कागद पाहण्याची संधि मिळेल त्यांस एक व्यवहारी सूचना करतों. वर्तमानपत्राचा अंक टपालानें येई तेव्हां त्याभोंवतीं कागदाची एक पट्टी असे, आणि तिच्यावर वर्गणीदाराचें नांव, गांव व पोस्ट लिहिलेलें किंवा छापलेलें असे. अंक फाटला तरी ही पट्टी पुष्कळदां दप्तरांत सांपडते, कारण तिच्या कोऱ्या पाठीवर कोणीं तरी भाताचा हिशेब मांडलेला असतो. वहीच्या पुठ्ठ्यास आंतून चिकटविलेला कागद, देवाच्या तसबिरीच्या पाठीमागचा कागद, पेटीच्या तळाशीं घातलेला कागद, हींहि पाहावीं. पाणी लावून सोडवूं नये. आधीं दोन्ही बाजूंचें छायाचित्र घ्यावें, कोणत्या रुमालांत कोणत्या कागदाभोंवतीं तें पान होतें हें टिपून ठेवावें, आणि मगच हात लावावा. पट्टीवर पौड पोस्टाचें नांव आणि आंत मुंबईचें पत्र, अशी जोडी एकत्र मिळाली तर ती तशीच एकत्र ठेवावी.